डोणीतले तेजाब

शेजारच्या कोळ्याने जाळी रंगवण्यासाठी भरून ठेवलेल्या डोणीत मी मोटारीचे तेजाब ओतले. हात घसरला नाही, अंधार नव्हता, कुणी माझ्यावर जबरदस्ती केली नव्हती. भर दुपारी, धोतराचा काचा मारून, बरणी दोन्ही हातांनी धरून, एक थेंब अंगावर उडू नये अशा बेताने मी ते ओतले आणि घरात जाऊन चहा मागितला. त्या तेजाबाने एक जाळे कुजले आणि एका मुलीचे नांदते घर सुटले. पहिल्या गोष्टीला माझा मूर्खपणा कारण झाला असे म्हणता येईल. दुसरी मी समजून उमजून होऊ दिली.

मोटार माझ्या काकांची. काका मुंबईला एका पेढीवर मोठ्या हुद्द्यावर होते. वर्षातून दोनदा ते थळला आमच्या घरी येत, आणि आले की गावाने आपल्याकडे बघत राहावे एवढीच त्यांची अपेक्षा असे. लढाई संपून थोडी वर्षे झाली होती तेव्हा त्यांनी ही वापरलेली मोटार घेतली, मचव्यातून रेवसला उतरवली आणि भोंगा वाजवीत गावात आणली. थळ ते अलिबाग एवढ्या रस्त्यात ती निदान एकदा बंद पडायची. आम्ही पुतणे धोतरे सावरून ती ढकलायचो आणि काका आत बसून उजवे-डावे सांगायचे. बसलेल्याला खाली उतरा म्हणण्याची आमच्या घरात रीत नव्हती.

खाऱ्या वाऱ्याने तिला पाच-सहा पावसाळ्यांत खाऊन टाकले. मागच्या अंगणात झावळ्यांच्या मांडवाखाली ती उभी राहिली. गादीवर कोंबड्या अंडी घालू लागल्या. कुणी विचारले तर काका म्हणत, "दुरुस्तीला काढायची आहे." आम्हीही तेच म्हणत असू. गंजलेल्या पत्र्याचीही प्रतिष्ठा सांभाळणारे लोक आम्ही.

शेवटी एका गणपतीला काकांनी जाहीर केले की मुंबईचा एक लोखंडवाला सांगाडा न्यायला तयार आहे. गणपती झाले की त्याचा मचवा येईल, तोपर्यंत उपयोगाचे सामान काढून घ्यायचे. काम माझ्याकडे आले. मी अलिबागच्या कचेरीत कारकून होतो, आणि त्याआधी एक वर्ष कॉलेजात शास्त्र शिकून नापास झालो होतो. आमच्या घरात तेवढे शास्त्र सगळ्यांना पुरून उरत असे.

"जपून काढ रे," काका म्हणाले. "मोटार म्हणजे काय बैलगाडी नव्हे. स्फोट होतो."

मी जपूनच काढत होतो. आधी चारी बाजूंना चिरे रचून आस त्यांवर टेकवला, मगच चाके सोडली. कारण नुसत्या जॅकवर उभ्या केलेल्या मोटारीखाली शिरणारा माणूस स्वतःचे मढे स्वतः बांधतो, असे मी सगळ्यांना दरडावून सांगितले होते. टाकीतले उरलेसुरले पेट्रोल फडक्यातून गाळून डब्यात काढले आणि डबा चुलीपासून लांब नेऊन ठेवला. धाकट्या बहिणीचा नवरा मांडवाखाली येऊन विडी पेटवू लागला, त्याच्या हातातून ती काढून मी मातीत चिरडली.

"अरे, एवढी काय भीती?" तो म्हणाला.

"तुमची नाही. मांडव शाकारायला या वर्षी झापं मिळायची नाहीत," मी म्हणालो. सगळे हसले. माझ्या दक्षतेचे मला कोण कौतुक!

मोटार उघडी पडू लागली तसे नातेवाईक जमले. गणपतीचे दर्शन हे निमित्त होते. प्रत्येक जण आरतीच्या वेळीही डोळ्याच्या कोपऱ्यातून मागच्या अंगणाकडे बघत होता. चुलतभावाला दिवे हवे होते. त्याच्या घरात वीज नव्हती, गावातच नव्हती, पण दिवाणखान्यात ठेवले तर शोभा येईल म्हणाला. मेहुण्याला पुढची गादी ओटीवर टाकायला हवी होती, कोंबड्यांच्या घाणीसकट. आत्याने आरसा आधीच पदराखाली घातला होता.

"आत्या, तो मागचं बघायचा आरसा आहे," मी म्हणालो.

"मग मला पुढचं काय बघायचंय या वयात?" ती म्हणाली आणि चालती झाली.

भोंगा मात्र काकांनी कुणाला दिला नाही. मांडीवर घेऊन बसले आणि मधूनच दाबत. मेलेल्या जनावराच्या नरड्यातून निघावा तसा आवाज यायचा. ज्याने आयुष्यात एकही नट स्वतः फिरवला नाही असा तो म्हातारा, आणि त्याच्या भोवती ती भुकेली माणसे. मला त्या सगळ्यांची किळस येत होती. आपण त्यांच्याहून वेगळे आहोत असे मला वाटत होते, आणि त्या वाटण्याची किळस मला आज त्याहून जास्त येते.

काढलेले सामान ठेवायला मांडवात जागा उरली नाही. चारही चाके, मडगार्ड, टपाच्या लोखंडी कमानी असे सगळे मी आमच्या आणि कोळ्याच्या घरामधल्या बोळात रचून दिले. ती त्यांची विहिरीवर जायची वाट होती. कुणाला विचारायचे माझ्या मनातही आले नाही.

कोळ्याला आम्ही नाखवा म्हणायचो, कारण त्याची स्वतःची होडी होती. त्याच्या घरी बायको, एक मुलगा आणि आदल्या उन्हाळ्यात रेवदंड्याहून लग्न होऊन आलेली सून. आमच्या कुंपणाला लागून उंडीच्या झाडाच्या सावलीत त्यांची मोठी लाकडी डोण होती. पावसाळा सरला की ऐनाच्या झाडाची साल उकळून तिचे लाल पाणी ते डोणीत भरत आणि सुताची जाळी त्यात भिजवत, म्हणजे समुद्रात सूत लवकर सडत नाही. त्या दिवसांत आमच्याकडे सालीचा उग्र वास यायचा आणि आई नाकाला पदर लावायची. त्याच घरचे बोंबील मात्र आम्ही वर्षभर नाकाला काहीही न लावता खात होतो.

मोटारीतले सगळे निघाले, राहिली बॅटरी. तिच्यात तेजाब होते. शिवाय तिच्यात घालायला काकांनी मुंबईहून आणून ठेवलेल्या तेजाबाची काचेची मोठी बरणी अजून अर्धी भरलेली होती. लोखंडवाला ती घेणार नव्हता. घरात लहान मुले होती. ती बरणी कुठे रिकामी करायची हा प्रश्न पडला.

"विहिरीजवळ नको," आई म्हणाली. "माडाच्या आळ्यात नको. माझ्या घंगाळाला तर हात लावू नकोस."

समुद्र हाकेच्या अंतरावर होता. पण त्यासाठी बरणी उचलून कोळीवाड्यातून, पुळणीच्या वाळूवरून, सगळ्यांच्या देखत चालत जावे लागले असते. कचेरीतल्या कारकुनाने ओझे वाहायचे? गडी त्या दिवशी आला नव्हता.

मला शास्त्रातले एक वाक्य पाठ होते. तेजाब नेहमी पाण्यात ओतावे, पाणी कधीही तेजाबात ओतू नये, आणि पाणी भरपूर असावे. भरपूर पाणी कुंपणापलीकडे तयार होते. नाखवा आणि त्याचा मुलगा होडीचे काम करायला बंदरावर गेले होते, सासू-सून बाजाराला.

बायको पाटावर तांदूळ निवडत होती. म्हणाली, "अहो, त्यांना सांगितलंत का?"

"सांगायचं काय त्यात? सालीचं घाण पाणी ते."

"त्यात ते जाळं घालतात."

"आंबट पाण्यात आणखी आंबट. जास्तच टिकेल जाळं."

हे मी विनोदाने म्हणालो. मग शास्त्राप्रमाणे, बारीक धारेने, ओतले. पाणी जरा कोमट झाले तेव्हा पुस्तकात लिहिले होते तसेच घडले म्हणून मला आनंद झाला. स्वतःचे डोळे, घरची मुले, विहीर, माड, आईचे घंगाळ, सगळे मी वाचवले होते.

दुसऱ्या दिवशी नाखव्याने डोणीत जाळे सोडले. मी कचेरीला निघालो होतो. हात बघत तो बायकोला म्हणाला, "आवंदा साल कडक हाय गो. हाताला चावतेय." मी ऐकले आणि पुढे गेलो.

पुढच्या सकाळी जाळे काढून त्यांनी बोळाच्या तोंडाशी पसरले, कारण उरलेल्या बोळात आमची चाके होती. सून विहिरीवरून भरलेली कळशी घेऊन येत होती. एका बाजूला मडगार्ड, दुसऱ्या बाजूला भिंत, मधे जाळ्याचा काठ. तिने लुगडे वर खोचले आणि काठ ओलांडून गेली. कोळ्यांत बाईने जाळे ओलांडणे अपशकुनी मानतात. सासूने ते पाहिले आणि ओरडली. सून तिला म्हणाली, "मग उडू काय मी आत्या? वाट कुठं हाय?" ओटीवर बसलेले आमचे पाहुणे यावर हसले. मीही हसलो.

लोखंडवाल्याचा मचवा आला आणि सांगाडा घेऊन गेला. पाहुणे आपापले सामान घेऊन पांगले. धोबी कपडे घेऊन आला तेव्हा बायकोने माझे धोतर माझ्यासमोर उजेडात धरले. समोरच्या निऱ्यांवर चाळणीसारखी भोके पडली होती. तिने बोट लावले तशी आणखी फाटत गेली.

"उडले होते वाटतं थेंब," मी म्हणालो.

ती कुंपणापलीकडे बघत राहिली. आम्हा दोघांना त्याच क्षणी कळले. जाळे अजून खोल पाण्यात गेले नव्हते. तेव्हा उठून दहा पावले गेलो असतो तर जाळे वाचले नसते, पण पुढचे सगळे वाचले असते. मी म्हणालो, "खाऱ्या पाण्यात धुऊन जाईल." धोतराची तिने फडकी केली.

पहिल्याच मोठ्या उधाणाला जाळे फाटले. खुंटांना बांधलेले डोलीचे, पिशवीसारखे, जाळे मासळीने भरले आणि ओढताना तळातून उसवत गेले. बाप-लेक रिकामे परतले. पुळणीवर ते जाळे पसरले होते, लोक भोवती जमले होते. मीही गेलो. नाखव्याने सूत दोन बोटांत धरून चोळले. भाजलेल्या पापडासारखा त्याचा चुरा झाला. तो चुरा बोटांवरून झटकत राहिला.

त्यांच्या अंगणात लोक बसले तेव्हा मला बोलावणे आले. शेजारचे शिकलेले गृहस्थ म्हणून. सून दाराच्या आत उभी होती, तिची बांगडी चौकटीला लागलेली दिसत होती. सासूचे तोंड चालूच होते.

"सांगितलं व्हतं मी, ओलांडू नको म्हून! हिच्या पायगुणानं घरात आल्यापासनं एक चांगला दिस न्हाय."

"मी वाट मागितली व्हती," आतून आवाज आला. "चाकं पडली व्हती भाऊंची."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. नाखवा म्हणाला, "भाऊ, तुम्ही शिकलेली माणसं. असं ओलांडल्यानं जाळं कुजतं काय? तुम्ही म्हणाल ते आमी मानू."

एवढे सोपे करून त्याने माझ्यासमोर ठेवले होते. 'नाही' हा एक शब्द. डोणीचे सांगायचे धैर्य नव्हते तरी तो एक शब्द पुरला असता. पण 'नाही' म्हटल्यावर पुढचा प्रश्न 'मग कशानं?' हा आला असता. देवदेवस्कीवर कचेरीत बसून मी किती टवाळी करत असे! तो मी म्हणालो, "नाखवा, जुन्या माणसांनी घालून दिलेलं उगाच नसतं."

दाराशी बांगडीचा आवाज झाला आणि ती आत गेली. तिच्या नवऱ्याने मान वर केली नाही.

आठवड्याच्या आत तिचा भाऊ येऊन तिला रेवदंड्याला घेऊन गेला. तिला परत आणायचे नाही असे ठरले होते. मी नाखव्याला नव्या जाळ्यासाठी सूत आणून दिले. त्याने माझे पाय धरले. "भाऊ म्हंजे देवमाणूस," असे सासू बाजारात सांगत फिरली. तो मान मी घेतला. बायकोने त्या दिवसापासून मला जेवायला वाढले, कपडे दिले, आजारपणात उशाशी बसली. पण माझ्या विनोदांना ती पुन्हा हसली नाही.

मधे दोन पावसाळे गेले. तेवढ्या काळात मी रोज स्वतःला सांगत असे की ती माहेरी सुखी असेल, की या लोकांत हे चालतेच. ही वाक्ये मी काकांकडून शिकलो होतो. दुरुस्तीला काढायची आहे, असे ते मोटारीबद्दल म्हणत, तसेच.

मग एके दिवशी नाखव्याची बायको कुंपणाशी येऊन माझ्या बायकोला म्हणाली, "वैनी, पोराचं पुना ठरवलंय. वरसोलीची पोर. आता तरी घर लागंल मार्गाला." त्या दुपारी बायको माझ्यासमोर बसली. म्हणाली, "आता तुम्ही सांगता, की मी सांगू?" मला तिची भीती वाटली हे कबूल करतो. गेलो तो चांगुलपणाने गेलो नाही. तिने सांगितले असते तर मी आणखी लहान दिसलो असतो, म्हणून गेलो.

नाखव्याच्या घरात शिरून, दार लोटून घेऊन, मी सगळे सांगितले. तेजाब, डोण, धोतर. नवरा-बायको ऐकत बसली. मुलगा बाहेर होता.

नाखव्याने विचारले, "अंगणात बोललात तवा ठावं व्हतं तुम्हाला?"

"होतं."

त्याने चुलीतले लाकूड मागे ओढले. सासूच आधी बोलली. "आता ठरलेलं मोडलं तर वरसोलीवाले काय म्हनतील? गेली ती गेली. भाऊ, तुम्ही पन बोलू नका कुटं."

"जा घरी," नाखवा म्हणाला. "आमी ऐकलं न्हाय, तुम्ही बोललात न्हाय."

उंबऱ्याबाहेर आलो तर माझे अंग हलके झाले होते. सांगून झाले, आता माझ्याकडे काही राहिले नाही, असे वाटले. त्यांना झाकायचे होते आणि मला झाकून हवे होते. दोन घरांत कुंपण होते, पण माणसे एकाच वाणाची निघाली.

घरी आल्यावर बायकोने एवढेच विचारले, "आणि तिला?"

रेवदंड्याला मी दुसऱ्या दिवशी गेलो. ती बांबूंच्या वलांडीवर बोंबील टांगत होती. हात थांबले नाहीत. मी उभ्या-उभ्या सांगितले. ऐकताना तिने दोनदा टोपलीतून बोंबील उचलले आणि जबड्यात जबडा अडकवून टांगले.

"ठावं व्हतं मला," ती म्हणाली.

"तेजाबाचं?"

"त्ये न्हाय. मी काय केलं न्हाय, ते." मग पहिल्यांदा माझ्याकडे बघून तिने विचारले, "सासऱ्याला सांगितलंत?"

"काल सांगितलं."

"कुटं?"

"घरात."

"दार लावून?"

मी खाली वाळूकडे पाहिले. तिला ते कळले.

"माझी वयनी रोज ताटात भाताबरोबर माझा पायगुण वाढते," ती म्हणाली. "पुळणीवर जाळं फाटलेलं सगल्यांनी बघितलं. अंगणात तुम्ही बोललात ते सगल्यांनी ऐकलं. आनि आता सांगता तर दार लावून?"

"मी काय करू, सांग."

"चला. होड्या लागायच्या वख्ताला पुळणीवर सगली असतात. तितं बोला. मी उभी राहीन."

"नाखवा तुला परत घेईल की नाही, मला सांगता येत नाही."

"मी इचारलं काय तुम्हाला? नांदायचं का न्हाय त्ये माझं मी बघेन. तुम्ही तुमचं बोला." तिने हात लुगड्याला पुसले आणि भावाला हाक मारली.

थळच्या पुळणीवर आम्ही पोचलो तेव्हा होड्या लागत होत्या. बायका टोपल्या घेऊन पाण्यापर्यंत गेल्या होत्या. तिला बघून कुजबुज सुरू झाली. नाखवा होडीतून उतरला आणि मला बघून थांबला, त्याने हातानेच 'नको' अशी खूण केली. त्याचा मुलगा दोर हातात घेऊन उभा राहिला. सासू गर्दीतून पुढे येऊ लागली. मी बोलू लागलो, पण आवाज पहिल्या रांगेपुढे जात नव्हता.

"मोठ्यानं, भाऊ," ती माझ्या शेजारून म्हणाली. "मागं ऐकू जात न्हाय."

मी पुन्हा सुरुवातीपासून बोललो, ओरडूनच.

"त्या वर्षी नाखव्याचं जाळं कुजलं ते माझ्यामुळे. काकांच्या मोटारीचं तेजाब मी त्यांच्या डोणीत ओतलं. न विचारता ओतलं. या मुलीनं जाळं ओलांडलं, कारण आमच्या चाकांनी तिची वाट अडवली होती. ओलांडल्यानं काही झालं नाही. मला हे जाळं फाटायच्या आधीपासून ठाऊक होतं, आणि तरी अंगणात तुम्ही मला विचारलंत तेव्हा मी खोटं बोललो. नाखवा, मी तुम्हाला सूत आणून दिलं ते दान नव्हतं, त्याचे आभार परत घ्या." मग मी तिच्याकडे वळलो आणि हात जोडले. "बाई, तुझा काही दोष नव्हता. माझा होता. माझं तोंड वाचवायला मी तुझं घर मोडू दिलं. मी तुझा अपराधी आहे. मला क्षमा कर, आणि करवली नाही तर करू नकोस."